आधी महिनाभर कामगार, मग इंजिनिअर

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी शिक्षणावरच्या लेखात फ्रान्समधल्या सरकारी इंजिनिअरिंग संस्थांविषयी दोन परिच्छेद होते. फी कमी, कँटीन स्वस्त, व्हिसा असा काढा. माहिती चुकीची नाही. पण तिथं पाच वर्षं काढलेल्या मला त्यात मुख्य गोष्टच सापडली नाही, म्हणून हे पत्र.

मी फ्रान्सच्या ल्यों शहरातल्या म्हणवल्या जाणाऱ्या 'इन्सा' (INSA) या सरकारी इंजिनिअरिंग संस्थेत शिकले. ल्योंला लागून व्हिलरबान नावाचं शहर आहे, संस्था तिथं. 1957 साली ती निघाली ती एका ठरावीक हेतूनं. फ्रान्समध्ये इंजिनिअर व्हायचा मानाचा रस्ता म्हणजे बारावीनंतर दोन वर्षं घासून अभ्यास आणि मग स्पर्धा परीक्षा. त्या रस्त्यावर कामगारांची पोरं फारशी पोचत नसत. गास्तों बेर्जे हे उच्च शिक्षण खात्याचे संचालक तत्त्वज्ञानाचे माणूस. त्यांनी आणि पहिले प्रमुख जाँ कापेल यांनी बारावीनंतर थेट प्रवेश देणारी, पाच वर्षांची, सरकारी संस्था काढली. प्रवेश गुणपत्रिका आणि मुलाखतीवर. माझे वडील शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डर (साचे करणारे). मुलाखतीत त्यांच्या कामाबद्दल जेवढं विचारलं, तेवढं आमच्याकडच्या कुठल्याच कॉलेजात कुणी विचारलं नव्हतं.

पहिली दोन वर्षं सगळ्यांना सारखी: गणित, भौतिक, यंत्रं, रेखांकन. त्यानंतर आवड आणि मार्क बघून शाखा मिळते. मार्क वीसपैकी, दहाला पास. बारावीला नव्वद टक्के पाडून गेलेल्या पोरीला पहिल्या सहामाहीत अकरा बघून रडू येतं. शेजारची फ्रेंच मुलगी तेवढ्याच अकरावर खूश असते. आमचे वर्ग फ्रेंचमध्ये, त्यामुळे पहिले काही महिने प्राध्यापक काय बोलतात त्यातलं निम्मं फळ्यावरच्या समीकरणावरून ताडायचं. जे एजंट 'इंग्रजीत चालतं' म्हणून पाठवतात, त्यांनी एकदा तिथल्या प्रॅक्टिकलला उभं राहून बघावं. कँटीनला 3.30 युरोत पोटभर जेवण मिळायचं. शाकाहारी मुलांचे हाल पूर्वी जास्त होते म्हणतात. माझ्या वेळी मसूर आणि चीज यावर भागत होतं.

पण सांगायचं आहे ते कारखान्याबद्दल. पहिल्या दोन वर्षांत कधीतरी प्रत्येक विद्यार्थ्याला महिनाभर कारखान्यात किंवा कुठल्यातरी आस्थापनेत कामगार म्हणून राबावं लागतं. प्रोजेक्ट नाही, प्रेझेंटेशन नाही, साहेबाच्या केबिनमध्ये बसणं तर नाहीच. जे काम तिथला सगळ्यात खालचा माणूस करतो, ते करायचं. जागा आपण शोधायची. अर्ज पाठवत राहायचं, नकार घेत राहायचं. ज्याचा बाप कंपनीत आहे त्याला ओळखीनं मिळते. तिथंही वशिला चालतो, उगाच देव्हाऱ्यात बसवायला नको.

मला ओयोना गावात जागा मिळाली. जुराच्या डोंगरातलं हे गाव पूर्वी कंगव्यांसाठी प्रसिद्ध होतं, आधी लाकडी, मग सेल्युलॉइडचे. आता सगळं खोरं प्लॅस्टिकच्या मोल्डिंगवर जगतं. माझं काम असं: मशीन उघडली की तुकडा काढायचा, रनर (तुकड्याला चिकटून आलेली प्लॅस्टिकची दांडी) तोडायचा, कडेची फ्लॅश (साच्याच्या फटीतून आलेली पातळ कड) ब्लेडनं साफ करायची, दर थोड्या वेळानं एक तुकडा गेजला (माप तपासायच्या साधनाला) लावून बघायचा, उरलेले मोजून पेटीत भरायचे. एक आठवडा पहाटे पाचची पाळी, दुसरा दुपारी एकची. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढ्या लांब शिकायला धाडली ती काय पेट्या भरायला व्हय?" वडील काही बोलले नाहीत. फक्त बूट कसले देतात ते विचारलं.

माझ्या मशीनवर पोर्तुगालहून आलेल्या एक मावशी होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला सगळ्यांशी हात मिळवायला लावला. पाळी सुरू होताना तसं न करणारा तिथं उद्धट ठरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुकड्यांवर बारीक चंदेरी रेघा यायला लागल्या. मी गेजवर माप बरोबर येतंय म्हणून भरत बसले. मावशींनी लांबूनच हात वर करून मशीन थांबवायला सांगितलं. माल नायलॉनचा होता. नायलॉन हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून आधी ड्रायरमध्ये चांगलं वाळवावं लागतं. रात्रपाळीत ड्रायर बंद पडला होता आणि कुणी लिहून ठेवलं नव्हतं. पॉलिमरमधलं (म्हणजे प्लॅस्टिकमधलं) पाणी तापल्यावर त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतं, तुकडा दिसायला बरा आणि आतून ठिसूळ होतो, हे मी पुढं चौथ्या वर्षी पुस्तकात शिकले. मावशी दहावीसुद्धा झालेल्या नव्हत्या.

परत आल्यावर अहवाल लिहायचा. आमच्याकडे अहवाल म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाची नक्कल. तिथं मला विचारलं गेलं ते हे: निर्णय कोण घेतं, तो खालपर्यंत कसा पोचतो, कुठं अडतो, पाळी बदलताना काय सांगायचं राहून जातं, सुरक्षेचा नियम कोण मोडतं आणि का. तपासायला मानव्यविद्येच्या बाई होत्या. माझ्या पहिल्या मसुद्यावर त्यांनी लिहिलं होतं की यात यंत्रं पुष्कळ आहेत, माणसं दिसत नाहीत.

हे सगळं आता आठवायचं कारण माझा चुलतभाऊ. तो कोल्हापूर भागातल्या एका खासगी कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिप सक्तीची आहे, तिला क्रेडिट आहेत. त्यानं ऑनलाइन पैसे भरले, घरी बसून काही व्हिडिओ पाहिले आणि सर्टिफिकेट आणलं. वर्गातल्या बहुतेकांनी तेच केलं. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्यानं आधी दोन-तीन फौंड्रींत विचारलं होतं. "पोरगं हात भाजून घेईल, मग कोण निस्तरणार?" असं म्हणून मालकांनी घेतलं नाही.

मालकांचं म्हणणं खोटं नाही, आणि खरी मेख तिथंच आहे. फ्रान्समध्ये कारखान्यात पाऊल ठेवण्याआधी विद्यार्थी, संस्था आणि कंपनी अशा तिघांच्या सहीचा करार होतो. काम काय, तास किती, कंपनीतला कुठला माणूस जबाबदार, अपघात झाला तर काय, हे त्यात असतं. दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलं तर पैसे देणं कायद्यानं बंधनकारक. 2025 साली किमान दर तासाला 4.35 युरो होता. माझा महिनाच होता, त्यामुळे तसं बंधन नव्हतं. तरी कंपनीनं थोडे दिले. करार असल्यामुळे मालकाला भीती नसते आणि विद्यार्थ्याला फुकट राबवताही येत नाही.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात केवढ्या फौंड्री आणि मशीन शॉप आहेत हे आपल्या वाचकांना सांगायला नको. इंजिनिअरिंग कॉलेजंही बसच्या अंतरावर आहेत. कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) ब्लोहोल, म्हणजे हवेचं पोकळ भोक, का येतो हे वाळूची मूठ दाबून ओळखणारे लोक तिथं रोज कामावर येतात, आणि चार-पाच किलोमीटरवर मुलं तेच फळ्यावरून उतरवून घेतात. विद्यापीठानं असा तिघांचा एकपानी करार तयार करावा, विम्याचा हप्ता कॉलेजनं भरावा (हजारो रुपये परीक्षा फी घेणाऱ्यांना तो जड नाही), आणि दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात महिनाभर मुलांना खाकी कपड्यात आत सोडावं. मुलींनासुद्धा. त्यासाठी बायकांची स्वच्छतागृहं लागतील, ती बऱ्याच ठिकाणी नाहीत. हेही त्या करारात लिहावं.

मी सध्या चाकणला मोल्ड डिझाइनचं काम करते. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांच्या संघटनेपैकी कुणी हे वाचत असेल तर फ्रेंच कराराचा नमुना मराठीत उतरवून द्यायला मी तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे.

आपली,
एक वाचक
शिरोली पुलाची, जि. कोल्हापूर
(वडील अजून त्याच फौंड्रीत आहेत, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)