मावशीची साइट करायला घेण्यापूर्वी

चि. ईशा हिस,
अनेक आशीर्वाद.

मालवणच्या मावशीच्या कोकम-आगळाच्या धंद्यासाठी तू साइट करून देणार आहेस, हे फार चांगलं झालं. फोनवर तू विचारलंस की डोमेन, होस्टिंग, सर्व्हर हे सगळं एकच ना, एकदा पैसे भरले की झालं ना? तसं नाही. विकणारे सगळं एकाच बिलात घालून देतात, म्हणून ते एक वाटतं. हे भाग तुला वेगवेगळे ओळखता यायला हवेत. साइट बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा यांतला कुठलातरी एकच भाग बिघडलेला असतो, आणि त्याचं नाव माहीत नसेल तर मदत मागायची कोणाकडे हेही कळत नाही.

आधी इंटरनेट आणि वेब. जगभरची नेटवर्क्स एकमेकांना जोडलेली आहेत, ते इंटरनेट. त्यावरून माहिती कशी पाठवायची याचे नियम म्हणजे टीसीपी/आयपी, जे १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकन नेटवर्कवर, लागू झाले. वेब, म्हणजे दुव्यांनी जोडलेली पानं, नंतरचं. टिम बर्नर्स-ली यांनी ते १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत मांडलं. ईमेल जशी इंटरनेटवरची एक सेवा, तसंच वेबही. म्हणून फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालतंय आणि साइट मात्र उघडत नाही, असं झालं तर राउटर बंद-चालू करत बसू नकोस. इंटरनेट ठीक आहे, शोध पुढे घ्यायचा.

आता पत्ता टाकल्यावर काय होतं ते बघ. शिकवण्यासाठी राखून ठेवलेलं 'एक्झाम्पल डॉट कॉम' हे नाव धरू. अशा नावालाच डोमेन म्हणतात. ब्राउझरला नावावरून काही करता येत नाही, त्याला आयपी अ‍ॅड्रेस लागतो, म्हणजे १९२.०.२.१० असा आकडा. तो शोधून देणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. सर्व्हर म्हणजे मागितलेली माहिती देणारा, सतत चालू असलेला संगणक. तुझ्या इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर, म्हणजे हा आकडा शोधून आणणारा सर्व्हर, आधी सगळ्यात वरच्या रूट सर्व्हरला विचारतो, मग 'डॉट कॉम' सांभाळणाऱ्याला, आणि शेवटी त्या डोमेनच्या नेमसर्व्हरला, म्हणजे त्याच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरला. नेमसर्व्हर आकडा सांगतो. ब्राउझर त्या आकड्याच्या सर्व्हरला पोर्ट ४४३ वर, म्हणजे सुरक्षित वेबसाठी ठरलेल्या दारावर, जोडला जातो, दोघं एन्क्रिप्शन, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही अशी सांकेतिक भाषा, ठरवतात, आणि मग ब्राउझर पान मागतो. ही झाली रिक्वेस्ट. सर्व्हर जे पाठवतो तो रिस्पॉन्स, आणि त्याच्या सुरुवातीला तीन आकडी स्टेटस कोड असतो. पान आल्यावर त्यात लिहिलेले फोटो, फॉन्ट, स्टाइलच्या फाइली ब्राउझर एकेक करून पुन्हा मागतो. एक पान उघडायला पन्नास रिक्वेस्ट होणं अगदी सामान्य आहे.

डोमेन विकत मिळत नाही, ते मुदतीने मिळतं. 'डॉट इन' नावांची नोंद निक्सी ही संस्था ठेवते, आपण घेतो ते रजिस्ट्रारकडून, म्हणजे नोंदणी करून देणाऱ्या कंपनीकडून. इथे एक गोष्ट माझं ऐकच: नोंदणी मावशीच्या नावावर कर. तुझ्या नको, आणि साइट करून देणाऱ्या कुठल्याही माणसाच्या तर नकोच. नोंदणीला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेनची मुदत संपली की त्यावरचा ईमेलही बंद होतो, आणि नूतनीकरणाची सूचना तिथेच अडकून राहते. ऑटो-रिन्यू चालू ठेव, तरी कार्डाची मुदत कधी संपते तेही लिहून ठेव. मावशीला 'डॉट भारत' नाव हवंसं वाटेल. देवनागरीतली ही नावं २०१४ पासून मिळतात आणि चालतात, पण डीएनएसमध्ये ती 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या रूपात जातात, आणि असा ईमेल पत्ता बरेच फॉर्म अजून स्वीकारत नाहीत. त्यामुळे मुख्य नाव 'डॉट इन' घे, देवनागरी नाव हौसेने जोडीला घे.

डीएनएसमध्ये नोंदी असतात, त्यांना रेकॉर्ड म्हणतात. ए रेकॉर्ड नावाचा आयपी अ‍ॅड्रेस सांगतो, सीनेम एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवतो, एमएक्स सांगतो की या डोमेनची मेल कुठे द्यायची. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवलेली जागा, बदलताना लोक नेमसर्व्हर बदलतात आणि एमएक्स नव्या जागी लिहायचा राहतो. साइट छान दिसते, ऑर्डरच्या मेल मात्र यायच्या बंद होतात, आणि ते आठवडाभर कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रत्येक रेकॉर्डला टीटीएल असतो, म्हणजे उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं ते. ३६०० म्हणजे एक तास. ए रेकॉर्ड बदलायचा असेल तर आदल्या दिवशी टीटीएल ३०० करून ठेव, म्हणजे बदल पाच-दहा मिनिटांत बहुतेकांपर्यंत पोचतो. नेमसर्व्हरच बदलायचे असतील तर मात्र दोन दिवस धरून चाल, आणि तोवर जुनं होस्टिंग बंद करू नकोस.

होस्टिंग म्हणजे सतत चालू असलेल्या सर्व्हरवरची भाड्याची जागा. मावशीचा आगळ, सोलं, आमसुलं, दर, संपर्क, एवढ्यासाठी स्टॅटिक साइट पुरते: तयार फाइली ठेवायच्या, मागितल्या की सर्व्हर तशाच देतो. डेटाबेसवरून दरवेळी पान तयार करणारी डायनॅमिक साइट घेतलीस तर तिचं सॉफ्टवेअर आणि प्लगइन (त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) कायम अपडेट ठेवावे लागतात, नाहीतर त्यातल्या जुन्या भोकांतून कोणीतरी आत शिरतं. पाच पानांसाठी तो व्याप नको. स्टॅटिक साइटला मोफत योजनाही मिळतात, फक्त तिथे व्यवसायाची साइट चालते का हे अटींमध्ये वाचून घे.

पत्त्याच्या सुरुवातीचं एचटीटीपीएस, म्हणजे एन्क्रिप्शनसह वेब, चालतं ते सर्टिफिकेटवर. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते मोफत देते आणि ते फार तर ९० दिवस चालतं, त्यामुळे नूतनीकरण आपोआप होतंय याची खात्री कर. ते चुकलं की ब्राउझर पूर्ण पानभर धोक्याची सूचना दाखवतो आणि गिऱ्हाईक तिथूनच परत जातं. हेही जाणून घे की सर्टिफिकेट फक्त एवढंच सांगतं: तू याच डोमेनशी बोलते आहेस आणि मधल्या कोणाला ते वाचता येत नाही. समोरचा प्रामाणिक आहे असं ते सांगत नाही.

आता पानाकडे ये. एचटीएमएलमध्ये मजकूर काय आहे ते लिहायचं: हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा. सीएसएसमध्ये तो दिसावा कसा ते. जावास्क्रिप्टमध्ये दाबल्यावर काय घडावं ते, आणि तुला सुरुवातीला ती जवळजवळ लागणारच नाही. अक्षर मोठं दिसावं म्हणून शीर्षकाचा टॅग, म्हणजे एचटीएमएलमधली खूण, वापरू नकोस. शोधयंत्रं आणि दृष्टिहीनांची स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर पानाची मांडणी त्याच टॅगांवरून ओळखतात.

मराठी पानासाठी काही गोष्टी इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये सापडत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहिते. हेडमध्ये, म्हणजे एचटीएमएल फाइलच्या सुरुवातीच्या भागात, अगदी वरच्या ओळींत मेटा टॅगने कॅरसेट (अक्षरं साठवायची पद्धत, हिलाच एन्कोडिंगही म्हणतात) यूटीएफ-८ सांग, आणि फाइलही एडिटरमधून यूटीएफ-८ मध्येच सेव्ह कर. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'मराठी' शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट. ब्राउझरने एन्कोडिंग चुकीचं धरलं की तो प्रत्येक बाइटचं वेगळं अक्षर करतो, आणि पानभर डोक्यावर तिरकी रेघ असलेलं इंग्रजी 'ए' पुन्हा पुन्हा दिसतं. ते दिसलं की समज, मजकूर शाबूत आहे, फक्त कॅरसेट सांगायचं राहिलंय. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र मजकूर साठवतानाच गेला, तो परत येत नाही, मूळ प्रतीवरून पुन्हा घालावा लागतो. चौथा प्रकार तुला नक्की भेटणार आहे: मावशीच्या बाटलीच्या लेबलाचा मजकूर छापखान्यातून येईल, आणि तो श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला असेल तर चिकटवल्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतील. तो युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी ठरलेली एकच पद्धत, नाहीच. कन्व्हर्टरमधून काढ, आणि काढल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या एकेक करून तपास, चुका बहुधा तिथेच होतात.

एचटीएमएलच्या पहिल्या टॅगात भाषेचा कोड मराठीचा दे. फॉन्टमध्ये सोय असेल तर त्यामुळे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, शून्यच ठेव. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये शीर्षकाला हमखास २ पिक्सेलची स्पेसिंग दिलेली असते, आणि देवनागरीत तिने शिरोरेघ तुटून अक्षरं सुटी पडतात. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची अक्षराच्या किती पट ते, १.६ ते १.८ ठेव. १.२ ठेवलीस तर खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकाराला भिडतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा मुक्त परवान्याचा 'मुक्ता' फॉन्ट मला वाचायला स्वच्छ वाटतो. ४०० आणि ७०० अशी दोनच वजनं (अक्षरांची जाडी) घे, जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइली जड असतात.

फोनवर साइट बिघडलेली दिसते त्याची कारणं बहुतेक वेळा दोन असतात. पहिलं, व्ह्यूपोर्टचा, म्हणजे पान किती रुंद धरायचं ते सांगणारा, मेटा टॅग नसतो, मग फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून मांडतो आणि आकसून मुंगीएवढं दाखवतो. दुसरं, बॉक्स मॉडेल. सीएसएसमध्ये प्रत्येक घटक एक चौकट असतो: आत मजकूर, त्याभोवती पॅडिंग (आतली मोकळी जागा), मग बॉर्डर (कडेची रेघ), बाहेर मार्जिन (बाहेरची मोकळी जागा). आणि विड्थ, म्हणजे रुंदी, मोजली जाते ती फक्त आतल्या मजकुराची. ३६० पिक्सेलच्या फोनवर तू विड्थ १०० टक्के आणि दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग दिलंस की चौकट ४०० ची होते, आणि पान आडवं सरकायला लागतं. सगळ्या घटकांना बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स दे, मग पॅडिंग आणि बॉर्डर त्याच रुंदीत धरले जातात.

फोटोंकडे विशेष लक्ष दे. फोनमधला फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि ४ एमबीच्या आसपास असतो. असे ८ फोटो म्हणजे ३२ एमबी. वेग सांगतात तो मेगाबिटमध्ये आणि फाइल मोजतात ती मेगाबाइटमध्ये, ८ बिट म्हणजे १ बाइट. ४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट, मिळणाऱ्या गावात ३२ एमबीला एक मिनिटाहून जास्त लागेल. तेच फोटो १२०० पिक्सेल रुंद करून, जेपेग क्वालिटी ७५ ते ८० ठेवून १५० केबीपर्यंत आणलेस तर आठही अडीच सेकंदांत येतात, आणि फोनच्या पडद्यावर फरक दिसत नाही. प्रत्येक इमेज टॅगात विड्थ आणि हाइट लिही, नाहीतर फोटो उतरताना मजकूर खाली ढकलला जातो आणि माणूस दाबायला गेलेलं बटण बोटाखालून निसटतं. ऑल्ट मजकुरात, म्हणजे फोटोऐवजी वाचल्या जाणाऱ्या वर्णनात, 'फोटो १' नको, 'उन्हात वाळवलेली आमसुलं' असं लिही.

साइट तुझ्या लॅपटॉपवर नीट आणि सर्व्हरवर फोटो गायब, असं झालं तर फाइलचं नाव बघ. विंडोज कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करत नाही, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सचे असतात आणि ते करतात. कॅमेरा जेपीजी हे एक्स्टेन्शन कॅपिटलमध्ये देतो, तू कोडमध्ये स्मॉलमध्ये लिहितेस, आणि सर्व्हर ४०४ (सापडलं नाही) हा कोड देतो. नावं सगळी स्मॉलमध्ये, मोकळी जागा न सोडता, मध्ये आडवी रेघ देऊन ठेव. फोटोचा पत्ता 'सी ड्राइव्ह'पासून सुरू होत असेल तर तो फक्त तुझ्याच मशीनवर दिसणार. मुख्य पानाच्या फाइलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल ठेव, दुसरं काही ठेवलंस तर सर्व्हर बहुधा ४०३ (परवानगी नाही) किंवा फाइलींची यादी दाखवेल.

बदल करूनही जुनंच दिसत असेल तर ती कॅश, ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत. कंट्रोल-शिफ्ट-आर दाब. एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडायची सवय आत्तापासून लाव, तिथे प्रत्येक फाइलचा स्टेटस कोड दिसतो. २०० म्हणजे मिळाली. ४ ने सुरू होणारा कोड आला तर आपली मागणी चुकली, ५ ने सुरू होणारा आला तर सर्व्हरकडे बिघाड, तेव्हा होस्टिंगवाल्यांना लिही. कोडच आला नाही आणि नाव सापडत नाही असा संदेश आला तर डीएनएस किंवा डोमेनची मुदत बघ.

ऑर्डरसाठी फॉर्म करू नकोस. स्टॅटिक साइट फॉर्म स्वतः साठवू शकत नाही, आणि मावशी मेल उघडून बघत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा दे: डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, आणि पुढे ९१ लावून दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह नको, सुरुवातीचं शून्य नको, मध्ये जागा नको, यातलं काही आलं तर दुवा चालेलच असं नाही. मावशीच्या फोनवरून आणि भाऊकाकांच्या जुन्या फोनवरून दोन्हीकडे दाबून बघ.

साइटच्या सगळ्या फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून मावशीकडे ठेव, आणि रजिस्ट्रार, होस्टिंग, नेमसर्व्हर यांची लॉगिन कुठे आहेत ते तिच्या वहीत तिला वाचता येईल अशा अक्षरात लिहून दे. पासवर्ड मात्र साइटच्या फोल्डरमध्ये कुठेही ठेवू नकोस. तिथलं सगळं सर्व्हरवर चढतं.

पहिलं पान झालं की दुवा पाठव.

तुझी,
आई