बोअरचा पॉइंट

प्रिय बाळ्या,

फोनवर तू "बघू, बघू" म्हणतोस आणि ठेवतोस, म्हणून लिहितोय. तब्येत ठीक. आईची शुगर होती तेवढीच.

गावानं माझा सत्कार केला हे तुला कळलंच असेल. शाल, फेटा, शाळेसमोर बॅनर. त्यावर माझ्यापेक्षा सरपंचांचा फोटो मोठा. भाषणात ते म्हणाले, "पोरगं हॉलंडला पाण्याचं शिकायला चाललंय, आता गावाला पाणी कमी पडायचं नाही." टाळ्या! मला तिथंच घाम फुटला. खरी गंमत घरी आल्यावर. अण्णा म्हणाले, "वाफसा झाला की बोअरची गाडी सांगितलीय. पाणाड्या काकाचा नारळ लिंबाखाली उभा राहिला, पाणी तिथंच म्हणतोय. पण तू पाण्याचंच शिकायलालास की. जायच्या आधी पॉइंट तूच दे."

आधीचे बोअर तुझ्यासमोरच झाले. शेवटच्याला आठशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला आणि तू म्हणालास, "अण्णा, अजून थोडं, आता अमेरिकेचं पाणी लागंल." अण्णा महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते.

वरचा मुरूम संपला की आपल्याकडं काळा पत्थर. त्यात भेगा असतील तेवढंच पाणी, तेही पावसानं भरलं तर. हे सांगायला हॉलंडातल्या डेल्फ्टला कशाला जायला पाहिजे? भूजल कायदा २००९ चा आहे. अधिसूचित भागात ६० मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली जाऊ नका, असं त्यात लिहिलंय. आपल्या जलतज्ज्ञ माधवराव चितळ्यांना १९९३ मध्येच स्टॉकहोमचा जलपुरस्कार मिळाला. त्यांच्या सिंचन आयोगाचा अहवाल १९९९ चा. सांगणारे होते रे, ऐकलं कुणी? मग मी तिकडून येऊन असं काय वेगळं सांगणार?

हॉलंडचं डोकं शेकडो वर्षं पाणी बाहेर ढकलण्यात गेलंय. १९५३ च्या पुरात तिथं अठराशेवर माणसं गेली. पण एक गोष्ट मला बघायचीच आहे. तिथं पाण्याची वेगळी मंडळं आहेत, काही तेराव्या शतकापासूनची. लोक ती निवडून देतात आणि त्यांची पट्टी भरतात. शेजाऱ्यानं किती पाणी उपसायचं यात बोलायचा हक्क माणसाला कसा मिळतो, तेवढं जरी कळलं तरी पुष्कळ. आपल्याकडं असं बोललं की बांधावरून कुऱ्हाडी निघतात.

आणि बोलायला मला तोंड तरी कुठं आहे? फी माफ झाली, पण तिकीट, व्हिसा, थंडीचे कपडे सगळं उसाच्या बिलातून. त्याच उसाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं आणि आपल्याकडं पाऊस सात-आठशे. तू कारखान्यात स्लिपबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा, लागलास तेव्हा आपलं भांडण यावरूनच झालं होतं. मी तुला दुष्काळाचा चिठ्ठीवाला म्हणालो, तू म्हणालास, आधी सोयाबीनचा भाव बघ अन् मग बोल. २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, आपण लातूर स्टेशनवर बघायला गेलो, तर तिथंही तुझं तेच: "ऊस नसता तर माझ्या बापानं तुझ्या फीला उसनं कुठून दिलं असतं?" त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. राग मात्र तेवढाच आहे.

वहिनींचं बीएड झालं का? पोरीला दात आले म्हणे. बदली टळली ते बरं झालं.

तर काम असं. अण्णा माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतात, कारण तोडीची चिठ्ठी तुझ्या हातात. मी पॉइंट दिला नाही तर गाडी लिंबाखाली लागणार, आणि दिला तर उद्या सगळं गाव माझ्याकडंच पॉइंट मागणार. म्हणून बुधवारच्या आत ये. ऊसनोंदीचं निमित्त काढ आणि सांग, बोअरचे पैसे ठिबकला घाला, ठिबकवाल्यांची तोड यंदा आधी लागणार आहे. खोटं असलं तरी सांग, पुढचं पुढं बघू. मी गुरुवारी निघतोय. आणि येताना माझी मोठी सॅक आण, पंढरपूरला नेलेली. चेन तुटली असेल तर आताच सांग.

तुझाच,
दिग्या