संगणक कक्षातील भाऊंना जाहीर आभारपत्र

आदरणीय भाऊ,

सविनय नमस्कार.

माझा प्रबंध मागच्या आठवड्यात विद्यापीठात सादर झाला. त्याच्या ऋणनिर्देशात आपला उल्लेख आहेच, पण ते पान मार्गदर्शक आणि परीक्षक यांच्यापलीकडे फारसे कोणी उघडत नाही. तोकड्या निधीत एकच सर्व्हर दहा विभागांना कसा पुरवावा, हे आपण आम्हाला करून दाखवले आणि ते आपल्या भागातील इतर महाविद्यालयांनाही कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे.

माझे काम पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेल्या तलावांवर, होते. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने बांधत आणलेले हे मामा तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागांत हजारोंच्या संख्येने आहेत, आणि त्यांपैकी कोणत्या तलावात पावसाळ्यानंतर किती महिने पाणी टिकते, हे मला उपग्रहाच्या चित्रांवरून मोजायचे होते. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे मोफत मिळतात. २०१५ आणि २०१७ मध्ये सोडलेले दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तोच प्रदेश टिपू लागले, आणि हिरव्या व निकट-अवरक्त पट्ट्यांतील दहा मीटरच्या बारकाव्यामुळे (चित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर लांबी-रुंदीचा तुकडा) लहान तलावही दिसतो. मात्र एकेका चित्रात सुमारे ११० किलोमीटर लांबी-रुंदीचा प्रदेश असतो, आणि ऑक्टोबर ते मे अशी अनेक वर्षांची चित्रे तपासायची म्हटल्यावर माझ्या लॅपटॉपने पहिल्याच दिवशी हात टेकले.

विद्यापीठाचा सर्व्हर तेव्हा सर्वांसाठी मोकळा होता, म्हणजे जो आधी शिरेल त्याचा. बत्तीस कोअर (प्रोसेसरमधील एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे भाग) आणि १२८ जीबी मेमरी ऐकायला पुष्कळ वाटते, पण रसायनशास्त्राची गणना, संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके आणि माझे तलाव एकाच दुपारी सुरू झाले की मेमरी संपायची, आणि मेमरी संपली की लिनक्स सर्वांत जास्त मेमरी अडवून बसलेला प्रोग्राम स्वतःच बंद करते. माझे एकोणीस तास चाललेले काम असे एका क्षणात गेले. त्या दिवशी मी आपल्याकडे तक्रार घेऊन आले, तेव्हा आपण खुर्ची पुढे करून विचारले, "ताई, तुमच्याकडे तलावाचं पाणी सुटते तेव्हा वरच्या बांधीवाल्यानं रात्रभर मोरी उघडी ठेवली, तर खालच्याच्या रोवणीचं काय होते?" माझे वडील धानाचे शेतकरी आहेत आणि आमची बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत, तलावापासून सर्वांत लांब आहे. मला उत्तर द्यावे लागले नाही.

त्यानंतर आपण लगेच नियम लावले नाहीत, याचे महत्त्व मला फार उशिरा कळले. आपण आधी मोजले. सर्व्हरवर दर दहा मिनिटांनी प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कची नोंद घेणारी साधी मोफत सोय सुरू करून आपण तीन महिन्यांचे आकडे जमवले आणि त्यांचा आलेख सर्व विभागप्रमुखांसमोर ठेवला. सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत यंत्र गुदमरत होते. रात्री आठनंतर आणि रविवारी ते जवळजवळ रिकामे होते. नवा सर्व्हर हवा असा प्रस्ताव दोन वर्षे निधीअभावी परत येत होता. आपल्या आकड्यांमुळे मागणीच बदलली. आपण यूपीएसच्या बॅटऱ्या आणि दोन डिस्क मागितल्या, आणि त्या मंजूर झाल्या.

मग आपण स्लर्म बसवले. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २००२ च्या सुमारास सुरू झालेली ही मुक्त प्रणाली जगातील मोठमोठ्या महासंगणकांवर कामांची रांग सांभाळते, आणि तीच आमच्या एकुलत्या एक सर्व्हरवर चालू शकते, हे आम्हा कोणाच्या ध्यानात आले नव्हते. आता प्रत्येकाने आपल्या कामाला किती कोअर, किती मेमरी आणि किती वेळ लागेल हे आधी सांगायचे आणि रांगेत उभे राहायचे. ज्याने गेल्या काही दिवसांत पुष्कळ वापर केला त्याचा क्रम खाली जातो, आणि तो वापर जुना होत जाईल तसतसे त्याचे वजन कमी होते. आपण दर सात दिवसांनी ते निम्मे होईल असे ठेवले होते. मोठ्या कामाला जागा मोकळी होईपर्यंत मधल्या फटीत एखादे लहान काम, त्या मोठ्या कामाला उशीर न करता, उरकून घेण्याची सोयही त्यात आहे. फक्त त्यासाठी वेळेचा अंदाज प्रामाणिक असावा लागतो.

माझा नव्हता. भीतीपोटी मी प्रत्येक कामासाठी ६४ जीबी मेमरी आणि तीन दिवस मागत असे, आणि मग रांगेत ताटकळत राही. आपण मला शेजारी बसवून माझ्याच संपलेल्या कामाची नोंद पडद्यावर उघडली: मागितली ६४, लागली ९, मागितले बहात्तर तास, लागले पाच. आपण एक शब्दही बोलला नाहीत, फक्त त्या दोन ओळींवर पेन्सिल ठेवली. दुसऱ्या दिवशी मी १२ जीबी आणि आठ तास मागितले, आणि काम जेवणाच्या सुट्टीआधी सुरू झाले. माझ्या मागण्या कमी होताच इतर चौघांची कामे त्याच वेळी चालू लागली, हेही आपण मला दाखवले.

डिस्कचाही असाच घोळ होता. तीच उपग्रह-चित्रे भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि माझ्या सर्व्हरवरील खात्यांत वेगवेगळी साठवलेली होती. आपण ती एका सामाईक फोल्डरमध्ये, सर्वांना वाचता येतील पण कोणाला पुसता येणार नाहीत अशी ठेवली. प्रत्येक खात्याला मर्यादा घातली, पण कोणाचीही फाइल परस्पर काढली नाही. आपण फोन करायचा, पंधरा दिवस द्यायचे, आणि तरीही उत्तर आले नाही तर त्या विभागात स्वतः जाऊन यायचे.

वीज आणि ऊन यांचाही उल्लेख करायलाच हवा. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि सर्व्हरच्या खोलीतील एसी दुपारी थकतो. आपण त्या दिवसांत दुपारी बारा ते पाच निम्मेच कोअर चालू ठेवले आणि जास्त वेळ चालणारी कामे रात्रीवर ढकलली. वीज गेली की यूपीएसकडून इशारा मिळताच नवे काम घेणे थांबावे आणि सर्व्हर नीट बंद व्हावा, अशी व्यवस्था केली. आणि मला शिकवले की प्रत्येक तलावाचा निकाल तो तलाव संपताच डिस्कवर लिहावा, म्हणजे पुन्हा सुरू करताना पहिल्यापासून मोजावे लागत नाही. माझ्या प्रबंधाचा अर्धा तरी भाग त्या एका सवयीवर उभा आहे.

एक प्रसंग मी मुद्दाम लिहिते. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी त्यांचे स्वतःचे काम रांगेत पुढे घ्यावे असे सांगितले, तेव्हा आपण दर अकरा महिन्यांनी नूतनीकरण होणाऱ्या कंत्राटावर होतात. आपण नम्रपणे त्यांच्यासमोर रांगेची यादी ठेवली आणि पुढच्या बैठकीत विषय मांडला. त्यातून नियम ठरला: प्रबंध सादर करण्याच्या शेवटच्या पंधरा दिवसांत विद्यार्थ्याला अग्रक्रम मिळेल, आणि तो कोणाला मिळाला हे फलकावर लागेल. या वर्षी त्या फलकावर माझे नाव होते.

अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा भारताचा पहिला महासंगणक तयार झाला, हे आपण प्रत्येक नव्या तुकडीला आवर्जून सांगता. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनला २०१५ मध्ये ४५०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या पुण्याच्या परम ब्रह्म या महासंगणकावरही स्लर्मचीच रांग आहे. तिथे काम करण्याची संधी आमच्यापैकी कोणाला मिळाली, तर काम कसे मागायचे हे त्याला नव्याने शिकावे लागणार नाही.

भाऊ, माझ्या खात्यातील सर्व तात्पुरत्या फाइली मी काल काढल्या. तलावांच्या पाण्याचे अंतिम नकाशे आणि ते कसे काढले याची टिपणे सामाईक फोल्डरमध्ये ठेवली आहेत. पुढच्या वर्षी याच विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थिनीला मी तसे सांगून ठेवले आहे. खाते बंद करण्याचा अर्ज सोबत जोडला आहे, म्हणजे माझ्या वाट्याची जागा सोमवारपासून तिला देता येईल.

आपली कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थिनी