सूचना : इंजिन उतरवताना

सभासदांनो, 1 जूनला मासेमारी बंद झाली की आउटबोर्ड इंजिनं (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेली) उतरवायची घाई होते. आधी स्पार्क प्लगची टोपी आणि इंधनाची नळी काढा. चेनपुलीचा हूक इंजिनाच्या कडीतच अडकवा, झाकणाला नको. झाकणाची खिट्टी झाकणापुरतीच असते. साखळीवर ताण आल्यावरच इंजिन बोटीला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचे स्क्रू सैल करा.

उतरवलेलं इंजिन अडकवायच्या स्टँडला दोन इंची सागवानी फळी लावा. भिजून फुगलेल्या प्लायवूडवर क्लॅम्प सरकतो.

उतरवलेलं इंजिन आधी उभंच ठेवून पाणी निथळू द्या. लगेच आडवं केलं आणि डोकं खाली गेलं, तर तेच खारं पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरात शिरतं. फोरस्ट्रोक इंजिन त्याच्या पुस्तिकेत दाखवलेल्या कुशीवरच निजवा, नाहीतर ऑइल सिलिंडरात जातं.

इंजिन बोटीवरच तिरपं करून पंख्याचं काम करणार असाल, तर ते तिरपं धरून ठेवणाऱ्या टिल्टच्या खिट्टीवर विसंबू नका. खाली ओंडका द्या.