दरवाजे बसवले, कड्यांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अधिवेशन संपल्यावर आपण मुंबईतल्या आमदारांचा तक्ता छापलात. कोणी किती प्रश्न विचारले, पहिला कोण, शेवटचा कोण. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो दुपारपर्यंत तीनदा फिरला आणि आमचे आमदार तळाशी आहेत म्हणून बरीच करमणूकही झाली. त्यांची वकिली करायला मी लिहीत नाही, मी त्यांना मत दिलेलं नाही. पण हे प्रश्न मंत्रालयात ज्या टेबलावर येऊन पडतात त्या टेबलामागे माझी एकतीस वर्षं गेली. तक्ता पाहून राहवलं नाही.

एकेका तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या, प्रश्नावर दहा-दहा, वीस-वीस आमदारांची नावं असतात. मजकूर कोणा एकाचा, बाकीच्यांची सही. तक्त्यात मात्र प्रत्येकाच्या खात्यावर एकेक जमा. त्यातही प्रश्नोत्तराच्या तासात जेमतेम पाच-सहा प्रश्न तोंडी होतात, उरलेल्यांची उत्तरं छापील. संख्येचंच म्हणाल तर २००५ साली पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेतून ११ खासदारांची हकालपट्टी झाली. असे तक्ते त्या वेळी निघाले असते तर ते प्रश्नही हौसेने मोजले गेले असते.

प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘याप्रकरणी चौकशी केली आहे काय’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तराचा साचाही तयार. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असं लिहिलं की खालच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढं पुरतं. त्यामुळे आम्हा कक्ष अधिकाऱ्यांचं सगळं कसब त्या पहिल्या भागात. जिल्ह्याच्या माहितीत कुठे फट दिसली तर ‘हे अंशतः खरे आहे’ ही पळवाट. आता निवृत्त झाले आहे म्हणून लिहिते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. विभागाचं आणि आमदारांचं नाव घेत नाही. हे आमदार मागच्या रांगेतले, पहिल्यांदाच निवडून आलेले. प्रश्न होता एका तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहाचा. तिथल्या न्हाणीघरांना दरवाजे नाहीत, हे खरे आहे काय? जिल्ह्यातून फॅक्स आला, ‘दरवाजे बसविण्यात आले आहेत.’ मी नेहमीप्रमाणे ‘हे खरे नाही’ लिहिलं, पुढे तीनदा ‘प्रश्न उद्भवत नाही’. फाइल वर गेली आणि सह्या होऊन आली.

त्या दिवशी प्रश्न अनपेक्षितपणे तोंडी उत्तरापर्यंत पोहोचला. मंत्र्यांनी छापील उत्तर वाचलं. आमदार उपप्रश्नाला उभे राहिले. हातात कागद नव्हता. म्हणाले, ‘अध्यक्ष महोदय, दरवाजे बसवलेत, मला मान्य आहे. मी परवा जाऊन आलो. त्यांना कड्या आहेत का?’

सभागृह हसलं. अधिकाऱ्यांच्या गॅलरीत आम्ही चौघे एकमेकांकडे पाहत होतो. कड्यांबद्दल आमच्या फाइलीत एक अक्षर नव्हतं. मंत्र्यांनी मागे वळून पाहिलं. मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘माहिती उपलब्ध नाही’, ती हातोहात खाली गेली आणि मंत्री म्हणाले, ‘माहिती घेऊन पटलावर ठेवतो.’ म्हणजे नंतर सभागृहापुढे मांडतो.

दुसऱ्या दिवशी मी सगळी वर्तमानपत्रं चाळली. कोणीतरी कोणाला काहीतरी बोललं होतं, त्यावरून गदारोळ, दोनदा तहकुबी, सभात्याग. कड्या कुठेच नव्हत्या.

खरी गंमत पुढेच झाली. ते आमदार विसरले नाहीत. अधिवेशन संपल्यावर त्यांचं पत्र आलं, मग स्मरणपत्र. ‘पटलावर ठेवतो’ हे आश्वासन ठरतं, म्हणून प्रकरण आश्वासन समितीकडे गेलं. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पुरी झाली का, हे पाहणारी ही आमदारांची समिती. तिथे कॅमेरे नसतात, घोषणा नसतात. एका खोलीत लांब टेबल, पक्षोपक्षांचे आमदार आणि समोर साक्षीला सचिव. सचिवांना घाम फुटलेला मी दोनच ठिकाणी पाहिला. त्यातली ही एक जागा, दुसरी न्यायालय. चौदा महिन्यांनी जिल्ह्यातून पूर्तता अहवाल आला. सोबत फोटो, प्रत्येक दरवाजाचा वेगळा, आतून लावलेल्या कडीसह. आपल्या हिशेबात या सगळ्याची नोंद ‘प्रश्न : एक’ अशी झाली असती.

मागच्या बाकावरच्या माणसाला मिळतं काय, तेही एकदा पाहा. अर्थसंकल्पी अधिवेशनात विभागांच्या मागण्यांवर चर्चा रात्रीपर्यंत चालते. पुढारी आपली भाषणं उरकून गेलेले असतात, खुर्चीत तालिका अध्यक्ष, म्हणजे अध्यक्षांच्या जागी तात्पुरता बसलेला आमदार. २८८च्या सभागृहाला गणपूर्तीसाठी २९ डोकी लागतात, पण तेवढी आहेत का हे मोजायला कोणी उठत नाही, कारण मोजलं तर सगळ्यांनाच घरी जावं लागेल. अशा वेळी यांचा नंबर लागतो. पाच मिनिटं झाली की घंटी. पत्रकार कक्ष त्याआधीच रिकामा. पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, निघाला की मतही आपलं राहत नाही, १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून ते तसंच आहे. हातात उरतो उपप्रश्न, समिती आणि शुक्रवारचं अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं खासगी विधेयक. ते विधेयक मंजूर होईल अशी आशा मांडणाऱ्यालाही नसते. स्वातंत्र्यानंतर संसदेत अशी जेमतेम १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० साली.

तरी त्यातलं एक आपल्या धंद्याशी संबंधित आहे, म्हणून आठवण करून देते. संसदेच्या कामकाजाचं खरं वार्तांकन द्वेषबुद्धीशिवाय छापलं तर वर्तमानपत्रावर खटला चालू नये, हा १९५६चा कायदा फिरोज गांधी यांच्या खासगी विधेयकातून आला. खासदार सत्ताधारी पक्षाचे, पंतप्रधानांचे जावई, पण मंत्रिपद नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी लोकसभेत मुंदडा प्रकरण लावून धरलं. आयुर्विमा महामंडळाचे सव्वा कोटीच्या आसपास रुपये एका उद्योगपतीच्या सहा कंपन्यांत कसे गेले? चौकशी मुंबईत झाली, आपल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांच्यापुढे, उघड्यावर. गर्दी एवढी की बाहेर कर्णे लावावे लागले. महिनाभरात अहवाल आला आणि १९५८ साली अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी पायउतार झाले. वार्तांकनाचा तो कायदा आणीबाणीत, १९७६ साली रद्द झाला, १९७७ला परत आला आणि पुढे ४४व्या घटनादुरुस्तीने ते संरक्षण विधिमंडळांच्या बातम्यांनाही मिळालं. आपण जे छापू शकता ते या जोरावर. आणि छापता काय, तर तक्ता!

घरच्या अंगणातलं उदाहरण हवं तर मृणालताई गोरे. पाण्याच्या हंड्यामुळे त्या सगळ्यांना ठाऊक आहेत, पण १९८६ साली गोरेगावच्या विरोधी आमदार म्हणून त्यांनी विधानसभेत गर्भलिंगनिदानाविरुद्ध खासगी विधेयक आणलं होतं, हे किती जणांना माहीत आहे? १९८८ साली सरकारने स्वतःचा कायदा केला. असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, केंद्राला त्यासाठी १९९४ उजाडलं. मृणालताईंच्या विधेयकाला तक्त्यात काय गुण द्याल? मंजूर नाही, म्हणजे शून्य?

प्रश्न न विचारणारे, सभागृहात न फिरकणारे आमदारही भरपूर आहेत, त्यांना माझ्या पत्राचा आधार मिळू नये. हजेरी जरूर छापा. पण सोबत एक चौकट द्या. गेल्या अधिवेशनात मंत्र्यांनी किती वेळा ‘माहिती घेऊन पटलावर ठेवतो’ म्हटलं, त्यातलं काय पटलावर आलं आणि ते आणण्यासाठी कोण मागे लागलं होतं. कार्यवाहीचे खंड छापले जातात, समितीचे अहवालही सभागृहाला सादर होतात. शोधायला वेळ लागेल, हे मान्य.

आणि पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात एखाद्या रात्री नऊनंतर बातमीदाराला तिथे थांबवा. डबा मात्र सोबत द्या. त्या वेळी विधान भवनाच्या आसपास खायला काही मिळत नाही.

आपली,
एक निवृत्त कक्ष अधिकारी
मुलुंड (पूर्व), मुंबई