रक्तदात्याला गेल्या तीन महिन्यांचे विचारा

संपादक महोदय,

रक्तदात्याचे वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5, पुरुष असेल तर आधीच्या रक्तदानाला 90 दिवस झालेले, हे सगळे मोजूनमापून बघितले जाते. मात्र रक्तदाता निवडीच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतली 12 आणि 51 क्रमांकाची कलमे पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना आणि तृतीयपंथीयांना सरसकट, तेही कायमचे अपात्र ठरवतात. वर्षानुवर्षे एकाच जोडीदाराबरोबर राहणारा निरोगी पुरुषही त्यात येतो. हा अन्याय आहे आणि त्याने रुग्णही फारसा सुरक्षित होत नाही.

खरा धोका विंडो पिरियडचा, म्हणजे लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतच्या काळाचा. एचआयव्हीची ताजी लागण एलायझा चाचणीत साधारण दोन-तीन आठवडे सापडत नाही. नॅट चाचणी थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधते, त्यामुळे हा काळ दहा दिवसांच्या आसपास येतो. मग पंधरा वर्षांपूर्वीच्या संबंधावरून आज माणसाला परत का पाठवायचे?

ब्रिटनने जून 2021 पासून, कॅनडाने 2022 मध्ये आणि अमेरिकेने 2023 मध्ये स्त्री-पुरुष सगळ्यांना एकच प्रश्न लावला: गेल्या तीन महिन्यांत नवा किंवा एकाहून अधिक जोडीदार होते का, आणि त्यांच्याशी गुदसंभोग झाला का? उत्तर ‘हो’ असेल तर तीन महिने थांबायचे. एचआयव्ही टाळण्यासाठी ‘प्रेप’च्या गोळ्या घेणाऱ्यालाही शेवटच्या गोळीनंतर काही महिने थांबवतात, कारण त्या औषधामुळे लागण चाचणीत उशिरा दिसू शकते.

अपात्र ठरवलेल्या या गटांत एचआयव्हीचे प्रमाण जास्त आहे, हा केंद्राचा मुद्दा खरा आहे. आपल्याकडे नॅट सक्तीची नाही, हेही खरे. म्हणून नियम बदलताना नॅटची सोयही प्रत्येक रक्तपेढीपर्यंत पोहोचवायला हवी. या कलमांविरुद्धच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये केंद्राला तज्ज्ञांचे मत घ्यायला सांगितले आहे. त्या तज्ज्ञांनी शिबिरातले टेबलही बघावे. फॉर्म भरून घेणारा कार्यकर्ता ‘सगळीकडे नाही लिहा’ म्हणतो, मागे रांगेत ऑफिसातलीच माणसे उभी असतात. तिथे खरे कोण सांगणार? लपवणारा रक्त देऊन निघून जातो आणि प्रामाणिकपणे सांगणारा मात्र कायमचा बाद होतो. पडद्याआड एक खुर्ची, समोर समुपदेशक आणि रक्त दिल्यावर ‘माझी पिशवी वापरू नका’ असे नाव न सांगता, फक्त पिशवीचा क्रमांक देऊन कळवता येईल असा फोन नंबर, एवढे प्रत्येक शिबिरात आत्तापासून करता येईल. त्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट बघायची गरज नाही.

– रक्तपेढीत काम करणारे काही तंत्रज्ञ, पुणे