काका, तुम्ही ‘असू दे’ म्हणाला नाहीत

प्रिय काका,
सप्रेम जय ख्रिस्त.

हे पत्र चारचौघांनी वाचावे म्हणूनच लिहितो आहे. जे पाप इतके दिवस झाकून ठेवले, त्यातून बाहेर काढणाऱ्याचे आभारही गुपचूप मानावेत, हे मनाला पटेना. तुमचे नाव मात्र घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही.

मंडळीचा, म्हणजे आपल्या चर्चचा, खजिनदार असताना दोन वर्षे मी दानाच्या पैशातून थोडे थोडे काढत होतो. पहिल्यांदा ‘पुढच्या महिन्यात परत ठेवू’ म्हणून घेतले. मग एके दिवशी वहीत खर्चाच्या रकान्यातल्या 3 चा 8 केला. कोणाच्या लक्षात आले नाही. रविवारी त्याच हाताने प्रभुभोजनाचा प्याला शेजाऱ्याकडे दिला. रोज रात्री प्रार्थना करायचो, ‘प्रभू, माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर.’ त्या ‘सगळ्या’मध्ये ते एक पाप बरोबर दडून बसायचे.

तुमच्याकडे आलो तेव्हाही ‘हिशेबात जरा घोळ झालाय’ एवढेच म्हणालो. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि विचारलेत, ‘घोळ झाला, की तू केलास?’ मी बराच वेळ गप्प होतो. तुम्हीही गप्प बसलात, घाई केली नाहीत. शेवटी ‘चोरी केली’ असे तोंडातून निघाले. तो शब्द मी स्वतःबद्दल पहिल्यांदाच ऐकत होतो. एकमेकांजवळ आपली पातके कबूल करा, असे बायबलातल्या आपल्या पत्रात याकोब का लिहितो ते मला तेव्हा उमगले. देवाजवळ एकट्याने बोलताना मी शब्द सौम्य करून घेत होतो. तुमच्यासमोर ते जमले नाही.

मग मी बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकातली आखानाची गोष्ट काढली. देवाने मना केलेल्या लुटीतला शिनार देशाचा झगा, 200 शेकेल (तेव्हाचे वजन) चांदी आणि 50 शेकेलांची सोन्याची वीट त्याने तंबूत पुरून ठेवली. तो झगा चारचौघांत त्याला कधी अंगावर घालता तरी आला असता का? अखोरच्या खोऱ्यात शिक्षा म्हणून त्याच्यावर पडलेले धोंडेच मला दिसत होते. तुम्ही काही न बोलता बायबलातल्या होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडलात. त्याच अखोरच्या खोऱ्याला मी आशेचे द्वार करीन, असे देव म्हणतो, त्या ओळीवर बोट ठेवलेत. लहानपणापासून उपासनेला बसतो आहे, पण ही दोन ठिकाणे मी कधी जोडून वाचली नव्हती.

एवढ्यावर सोडले असतेत तर मी रडून, हलका होऊन घरी गेलो असतो आणि वही तशीच राहिली असती. तुम्ही कागद पुढे सरकवून बेरीज करायला लावलीत. बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात भरपाईसाठी सांगितल्याप्रमाणे वर पाचवा हिस्साही धरायला सांगितलात. ‘ख्रिस्ताने माझे देणे फेडले ना?’ असे मी विचारले, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘देवाकडचे फेडले. वहीतले तुझ्याकडेच आहे. येशूला भेटलेल्या त्या जकातदार जक्कयाला कोणी मागितले नव्हते, तरी लुबाडलेले तो चौपट द्यायला उठला.’

बायकोला सांगितले तेव्हा तुम्ही दाराबाहेर थांबला होतात. कमिटीपुढे गेलो तेव्हा शेजारी बसलात. एकजण मला फार कडक बोलले, आणि ते बरोबरच बोलले. तुम्ही माझी बाजू मांडली नाहीत, पण खुर्चीही लांब सरकवली नाहीत. सगळ्यांत जास्त आभार त्या खुर्चीसाठी.

मागच्या महिन्यात शेवटचा हप्ता दिला, पाचव्या हिश्श्यासकट. नव्या खजिनदारांनी दिलेली पावती बायबलात होशेयाच्या त्या पानात ठेवली आहे. वही पुन्हा माझ्याकडे द्यावी असे उद्या कोणी म्हणाले, तर मी नको म्हणणार आहे. तुम्हीही मला साथ द्या.

प्रभूमध्ये तुमचा,
एक जुना खजिनदार